विश्लेषण : सालिम अलींना न सापडलेला पक्षी तानशाच्या जंगलात कसा आढळला?

शहापूर तालुक्यातले तानसा मुंबईकरांना आठवते ते पावसाळ्यात. तलाव भरला का, ओसंडून वाहू लागला का, पाणीकपात टळली का, एवढ्याच बातम्यांपुरते. पण २०१४ साली याच तलावाभोवतीच्या अभयारण्यात वीतभर उंचीच्या एका घुबडाची नोंद झाली आणि देशभरातील पक्षी अभ्यासकांचे लक्ष तिकडे वळले. हा पक्षी होता रानपिंगळा. १८८४ नंतर तब्बल ११३ वर्षे तो कोणालाही खात्रीने दिसला नव्हता. १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. त्यानंतर तो सातपुड्याच्या पट्ट्यातच उरला असावा असा समज होता. तो मुंबईपासून अवघ्या शंभरेक किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पायथ्याशी निघाला.

ज्यांनी हा पक्षी शोधला पण ज्यांना तो मिळाला नाही, त्यांच्यात डॉ. सालिम अलीही होते. भारतीय पक्ष्यांविषयी त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही. मग त्यांना तो का सापडला नाही? याची दोन कारणे आहेत. एक, संग्रहालयातल्या एका नमुन्याला बांधलेली खोटी चिठ्ठी. दुसरे, या पक्ष्याचा आवाज कसा असतो हेच त्या काळी कोणाला माहीत नव्हते. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. त्यातला शेवटचा दिवस सालिम अलींचा जन्मदिवस. त्यांच्या आयुष्याकडे या वेळी कानाच्या बाजूने पाहू.

सालिम अली पक्ष्यांकडे कसे वळले?

बंदुकीमुळे. सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी भाच्याला छऱ्यांची एअरगन दिली. दहा-बारा वर्षांच्या सालिमने त्या बंदुकीने एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. घरातल्या चिमण्यांना तो नसतो.

मामांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये पाठवले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मानद सचिव तेव्हा डब्ल्यू. एस. मिलार्ड होते. त्यांनी पक्षी ओळखला आणि मुलाला पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खणांमागून खण उघडून दाखवले. सालिम अलींनी पुढे आपल्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावातही ही चिमणी ठेवली. ते पुस्तक १९८५ मध्ये आले.

हा प्रसंग शाळेच्या पुस्तकांत अनेकदा येतो. त्यातली एक गोष्ट मात्र सहसा निसटते. त्या खणांमध्ये पक्ष्यांचे सगळे काही होते. रंग, चोचीची लांबी, पंखांचे माप, पकडल्याची तारीख, ठिकाण. नव्हता तो फक्त आवाज. त्या काळचे पक्षीशास्त्र असेच होते. पक्षी मारायचा, कातडे सोलून पेंढा भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची. सालिम अलीही याच पद्धतीत तयार झाले आणि शास्त्रीय कामासाठी पक्षी मारणे त्यांनी पुढेही गैर मानले नाही. आज हे वाचताना खटकते. पण त्या नमुन्यांशिवाय पुढची कोणतीच पुस्तके झाली नसती, हेही खरे.

सुट्ट्यांत हे कुटुंब चेंबूरला जाई. आज मोनोरेल आणि ईस्टर्न फ्री-वेसाठी ओळखले जाणारे चेंबूर तेव्हा झाडीने भरलेले होते आणि तिथे रात्री कोल्हे ओरडत. पहाटे दयाळाची शीळ ऐकत जागे व्हावे, अशी ती जागा.

एवढा मोठा शास्त्रज्ञ, मग पदवी का नव्हती?

१९१३ मध्ये ते कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स कॉलेजात गेले, पण गणिताने दमवले आणि शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात तवॉयला कुटुंबाच्या व्यवसायात गेले. तिथे टंगस्टनचे खनिज आणि लाकूड यांचा धंदा होता. तो चालला नाही, जंगल मात्र भरपूर बघायला मिळाले. १९१७ मध्ये परत आल्यावर त्यांनी व्यापारशिक्षणाच्या वर्गांबरोबर झेवियर्समध्येच फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या आग्रहावरून प्राणिशास्त्राचे धडे घेतले. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झाले.

नियमित पदवी नसल्याचा फटका लवकरच बसला. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातील पक्षीतज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) गाइड लेक्चरर म्हणून महिना ३५० रुपयांची नोकरी लागली. दोन वर्षांत त्यांना तिचा कंटाळा आला. रजा घेऊन त्यांनी बर्लिन गाठले. तिथे एर्विन श्ट्रेझेमान हे त्या काळचे अत्यंत नावाजलेले पक्षीशास्त्रज्ञ होते. पक्षी फक्त मोजायचा नाही, तो जगतो कसा हे पाहायचे, ही दृष्टी सालिम अलींना तिथे मिळाली. १९३० मध्ये ते मुंबईत परतले, तर पैसे नाहीत म्हणून म्युझियमने त्यांची जागाच रद्द केली होती.

किहीमच्या पावसात काय घडले?

बेकारीत मुंबईचे भाडे परवडेना. अलिबागजवळ किहीमला, समुद्राकाठी, तेहमिना यांच्या माहेरच्यांचे छोटे घर होते. दोघे तिथे राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. हाताला काम नाही, डोक्यावर पाऊस आणि समोर सुगरणी. सालिम अली शिडीवर चढून तासन् तास बसू लागले.

नावात सुगरण असली तरी घरटे नर विणतो. ते अर्धे झाले की तो त्याला लोंबकळून पंख फडफडवतो आणि चिटचिटाट करतो. मादी येते, आत शिरून पाहते, पसंत पडले तर मुक्काम करते. मग नर नळी पूर्ण करतो आणि लगेच दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एका नराचे एकाच हंगामात एकामागून एक असे अनेक संसार चालतात. सालिम अलींच्या टिपणांमुळे हे नीट उलगडले. त्यावरचा त्यांचा लेख १९३१ मध्ये बीएनएचएसच्या नियतकालिकात आला आणि त्यांचे नाव देशाबाहेर पोहोचले.

म्युझियमने त्यांना नोकरीवर ठेवले असते तर हे काम झाले असते का, हा प्रश्न मनात येतोच. मेलेल्या सुगरणीकडून यातले काहीही कळले नसते. तिच्या अंगावर घरट्याचा सौदा लिहिलेला नसतो. तो कळतो पंखांच्या फडफडीतून आणि आवाजातून, आणि तेही कोणी दिवसभर खाली बसून राहिले तरच.

पुढची काही वर्षे संस्थानांच्या पक्षी पाहण्यांची होती. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन आणि इतर संस्थाने. सालिम अलींनी मेहनताना मागितला नाही. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, काम मी करतो, असा त्यांचा प्रस्ताव असे. तेहमिना सोबत तंबूत राहत. पाहण्यांच्या अहवालांवर नाव सालिम अलींचे आहे. संसार, मुक्काम आणि इंग्रजी लेखन सावरण्यात तेहमिना यांचा वाटा मोठा होता. १९३९ मध्ये एका किरकोळ म्हटल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. त्यानंतर सालिम अली बहीण कमू आणि मेहुण्यांच्या घरी राहिले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

आवाज कागदावर लिहायचा कसा?

१९४१ मध्ये त्यांचे द बुक ऑफ इंडियन बर्ड्स आले. बंदूक न घेता, दुर्बीण आणि वही घेऊन बाहेर पडणाऱ्या सामान्य माणसासाठी ते लिहिलेले होते. पुढे अमेरिकेच्या एस. डिलन रिप्ले यांच्यासोबत त्यांनी भारत आणि पाकिस्तानच्या पक्ष्यांवरील हँडबुकचे १० खंड केले, १९६८ ते १९७४ या काळात. या खंडांत रंग, घरटे, खाद्य यांच्याबरोबरीने आवाजाला स्वतंत्र जागा आहे.

पण आवाज अक्षरांत मावत नाही, ही जुनी अडचण आहे. पावशाचेच घ्या. मुरबाडच्या भातशेतीत मृगाच्या आधी तो ओरडू लागला की मराठी कानाला पेरते व्हा ऐकू येते. हिंदी मुलखात तोच पक्षी पी कहाँ म्हणतो. इंग्रजांना त्यात ब्रेन फीव्हर ऐकू आले, कारण उन्हाळ्यात चढत्या पट्टीत दिवसरात्र चालणाऱ्या त्या ओरडण्याने त्यांचे डोके उठत असावे. पक्षी एक, सूर एक. शब्द ऐकणाऱ्याच्या घरचे. त्यामुळे दुसऱ्याने लिहिलेली अक्षरे वाचून न ऐकलेला पक्षी ओळखणे कठीण. ऐकलेला असेल तर मात्र ती अक्षरे पटकन आठवण करून देतात.

यंत्राने ही अडचण हळूहळू सोडवली. पक्ष्याच्या आवाजाचे पहिले ज्ञात ध्वनिमुद्रण १८८९ मधले आहे. जर्मनीत लुडविग कॉख या लहान मुलाने मेणाच्या नळकांड्यावर पिंजऱ्यातल्या शामाचा आवाज टिपला होता. शामा आपल्याकडच्या जंगलातला गाणारा पक्षी, म्हणजे ही सुरुवातही एका अर्थाने आपलीच. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत आवाजाचे चित्र काढणारे यंत्र तयार झाले. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर कंप्रता, आणि जिथे आवाज मोठा तिथे रंग गडद. याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. इंजिनीअरिंगला सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर दिलेल्यांना फूरिअर ट्रान्सफॉर्म हा शब्द परीक्षेपुरता आठवत असेल. प्रत्यक्षात तो इथे कामाला येतो. मोबाइलवरचे मर्लिनसारखे अ‍ॅप पक्षी ओळखते तेव्हा ते आवाज ऐकत नसते, तर त्याच्या चित्राची तुलना करत असते.

सालिम अलींच्या उमेदीच्या काळात यातले काहीच खिशात मावत नव्हते. त्यांच्यापाशी कान होते, वही होती आणि पन्नास-साठ वर्षांची सवय होती.

मग रानपिंगळा हरवला कसा?

या पक्ष्याचे वर्णन १८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी केले. हेच ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होते. त्यानंतर १८८४ पर्यंत एकूण सात नमुने जमा झाले. काही आजच्या छत्तीसगड-ओडिशाच्या सीमाभागातून, बाकी खानदेशातून. खानदेशातले जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने गोळा केले होते. त्यानंतर नोंदी बंद.

मग रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलच्या संग्रहात आणखी एक नमुना असल्याचे समोर आले. चिठ्ठीवर ठिकाण होते गुजरातमधील तापीकाठचे मांडवी आणि साल १९१४. साहजिकच शोधणाऱ्यांचे लक्ष मांडवीकडे गेले. रिप्ले आणि सालिम अली यांच्यासह अनेकांनी विसाव्या शतकात या पक्ष्याचा माग काढण्याचा प्रयत्न केला. कोणालाच यश आले नाही.

माइनर्ट्झहागेन हे सालिम अलींना परके नव्हते. १९३७ मध्ये दोघांनी अफगाणिस्तानात एकत्र पक्षी पाहणी केली होती. तिरसट, बढाईखोर, पण पक्ष्यांमधला जाणकार माणूस अशीच त्यांची ख्याती होती. १९६७ मध्ये ते वारले. १९९० च्या दशकात लंडनच्या संग्रहातील त्यांचे नमुने तपासले गेले तेव्हा कळले की त्यांनी इतरांनी गोळा केलेले पक्षी संग्रहालयातून चोरून, त्यांना नव्याने पेंढा भरून, स्वतःच्या खोट्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. मांडवीचा रानपिंगळा त्यांपैकीच एक. तो मुळात डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला पक्षी होता.

थोडक्यात, ज्या पुराव्यावर विसंबून शोध चालला होता तो पुरावाच बनावट होता. पण चिठ्ठी खरी असती तरी काम सोपे नव्हते. रानपिंगळा आपल्या नेहमीच्या पिंगळ्यासारखाच दिसतो. डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, छाती एकसारखी तपकिरी, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. एवढा फरक दुर्बिणीतून, पानांआडून, घाईत दिसायला हवा. अशा वेळी जंगलात माणूस आधी आवाजावर जातो. इथे तो रस्ताच बंद होता. सात कातडी उपलब्ध होती आणि आवाजाचे खात्रीचे वर्णन एकही नव्हते. एखाद्या सकाळी तो पक्षी शोधणाऱ्यांच्या डोक्यावर ओरडून गेला असता, तरी त्यांना तो कळलाच असता याची खात्री नव्हती.

सालिम अली १९८७ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी गेले. तोवर पद्मभूषण (१९५८), पद्मविभूषण (१९७६), राज्यसभेचे सदस्यत्व (१९८५) असे सारे सन्मान झाले होते. १९७६ मध्ये मिळालेल्या जे. पॉल गेटी पुरस्काराची मोठी रक्कम त्यांनी बीएनएचएसच्या कामासाठी दिली. भरतपूर आणि सायलेंट व्हॅली वाचवण्यात त्यांच्या शब्दाला वजन होते. रानपिंगळा मात्र त्यांच्या हयातीत हरवलेलाच राहिला.

तो परत सापडला तेव्हा काय झाले?

अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन या रिप्ले यांच्याच सहायक म्हणून काम केलेल्या. माइनर्ट्झहागेन यांची लबाडी उघड करणाऱ्यांतही त्या होत्या. त्यांनी मांडवीची चिठ्ठी बाजूला ठेवली आणि फक्त खऱ्या नमुन्यांची ठिकाणे घेतली. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह त्या भारतात आल्या. पूर्वेकडच्या जागी काही मिळाले नाही. मग शहाद्याजवळ, २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, उघड्या फांदीवर ऊन खात बसलेले एक घुबड दिसले. डोक्यावर ठिपके नाहीत, पायांवर भरगच्च पांढरी पिसे. रानपिंगळा दिवसाढवळ्या वावरतो, हेही मग नीट कळले.

माझ्या मते खरा बदल पुढच्या दोन वर्षांत झाला. १९९९ मध्ये रासमुसेन आणि भारतीय संशोधक फराह इश्तियाक यांनी या पक्ष्याच्या आवाजांवर लेख प्रसिद्ध केला. त्याचे गाणे छोटे, दोन स्वरांचे, बासरीसारखे मऊ. शिवाय एक फुत्कारासारखी ओढलेली चिर्र. नेहमीच्या पिंगळ्याची कचकच याच्याशी अजिबात जुळत नाही. आता अभ्यासकांच्या हाती ध्वनिमुद्रण होते. जंगलात ते वाजवायचे आणि उत्तर येते का ते ऐकायचे. मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातील खकनार, गुजरातमधील डांग अशी ठिकाणे नकाशावर येत गेली आणि २०१४ मध्ये तानसा.

हा पक्षी २०१४ मध्ये तिथे नव्याने आला, असे मानण्याचे कारण नाही. तो बहुधा तिथेच होता. तानसा धरण १८९२ मध्ये बांधले गेले, म्हणजे तो नाहीसा झाल्यानंतर जेमतेम आठ वर्षांनी. धरणाचे पाणलोट क्षेत्र म्हणून भोवतीचे जंगल राखले गेले आणि त्याच जंगलात, कसारा लोकल जिथून जाते तिथून फार लांब नाही अशा ठिकाणी, हे घुबड दिवसा ओरडत राहिले. गावातल्या कोणी ते ऐकले नसेल हे संभवत नाही. शहापूरच्या पाड्यांवरच्या वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी लोकांना जंगलातले आवाज शास्त्रज्ञांच्या आधीपासून माहीत आहेत. त्यांना कोणी विचारले नाही, आणि विचारायला कोणाकडे त्या पक्ष्याचा आवाजही नव्हता.

आवाजावरून पक्षी वेगळा ओळखण्याचे आणखी एक उदाहरण सालिम अलींच्या नावाशीच जोडलेले आहे. २००९ मध्ये अरुणाचल प्रदेशात स्वीडनचे पेर अ‍ॅलस्ट्रॉम आणि मुंबईचे शशांक दळवी यांना एकाच समजल्या जाणाऱ्या कस्तुराची दोन गाणी ऐकू आली. झाडांच्या सीमेवरचा पक्षी खरखरीत गात होता, खालच्या जंगलातला गोड. दिसायला दोघे जवळपास सारखे. पुढे जनुके आणि नमुने तपासून २०१६ मध्ये जंगलातला पक्षी नवी प्रजाती म्हणून जाहीर झाला. त्याचे शास्त्रीय नाव झूथेरा सालिमअली.

शहापूर-मुरबाडमध्ये कान कुठे लावायचा?

सुरुवात रानपिंगळ्यापासून करू नये. तो थोडा आहे आणि त्याला गर्दीची गरज नाही. आसनगाव किंवा आटगावला उतरून माहुलीच्या पायथ्याशी सकाळी सातच्या आत पोहोचले तरी तासाभरात दहा-बारा पक्षी केवळ कानाने मिळतात. तांबट एकाच लयीत टुकटुक करतो, कासाराच्या हातोडीसारखा. त्याचाच मोठा भाऊबंद कुटूर्र करत राहतो आणि एक थांबला की दुसरा सुरू होतो. भारद्वाजाचे हूप हूप खोल, मडक्यातून आल्यासारखे. टिटवी तुम्हाला पाहून ओरडते, म्हणजे ती ऐकू आली तर तुम्ही आधीच दिसलेले असता. आणि आमराईत गाणारा तो कोकीळ, नर. मादी नुसती किक् किक् करते. कवितांनी हे अजून मान्य केलेले नाही.

मुरबाडच्या बाजूला पावसाळ्याचा पक्षी म्हणजे शीळकरी कस्तूर. माळशेज घाटात, मोरोशीच्या वर, ओढ्याकाठच्या कातळावर बसून तो पहाटे शीळ घालतो. माणूस वाटेत वेळ घालवत, अर्धवट आठवणारी चाल गुणगुणत जातो तशी. धबधब्याच्या आवाजातूनही ती ऐकू येते, कारण पाण्याचा खळाळ बराचसा खालच्या कंप्रतेत असतो आणि शिळेचा सूर त्याच्या वर जातो. शनिवार-रविवारी घाटात लागणाऱ्या स्पीकरना मात्र त्याच्याकडे उत्तर नाही. मधल्या वारी, उजाडायच्या आत जाणे बरे.

कोतवालांमधला लांब शेपटीचा, टोकाला पिसांचे झुपके असलेला भृंगराज तानशातही भेटतो आणि घाटाखालीही. तो इतर पक्ष्यांच्या नकला करतो. सर्पगरुड ओरडला म्हणून वर पाहावे आणि फांदीवर हा बसलेला असावा, असे नवख्यांबरोबर हमखास होते. अ‍ॅपही फसते. म्हणून अ‍ॅपने नाव दाखवले की तेवढ्यावर नोंद करू नये, पक्षी दिसेपर्यंत थांबावे. नाहीच दिसला तर आवाज मोबाइलमध्ये मुद्रित करून ठेवावा. पंधरा-वीस सेकंद पुरतात. फोन स्थिर धरायचा आणि त्या वेळी स्वतः बोलायचे नाही. तारीख, वेळ आणि जागा सोबत नोंदवली तर ईबर्डसारख्या संकेतस्थळावर ते मुद्रण पुढच्या अभ्यासकाच्या कामाला येते.

उलट्या दिशेचे काम, म्हणजे मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे, टाळावे. दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला असे समजून पक्षी खाणे आणि पिलांना भरवणे सोडून येतो. सर्वेक्षणात अभ्यासक हे परवानगी घेऊन आणि मोजक्या वेळा करतात. रानपिंगळ्याचा विणीचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत चालतो आणि नेमक्या याच महिन्यांत तानशाला छायाचित्रकारांच्या गाड्या वाढतात. या काळात तो आपणहून बोलतो. सकाळच्या उन्हात, उघड्या फांदीवर, दोन मऊ स्वर. वारा पडलेला असेल आणि महामार्गावरच्या ट्रकची घरघर पोहोचत नसेल, तर बऱ्याच लांबून ऐकू येतात.